छापायला परवानगी नको, बोलायला हवी! कलावंत आणि कायद्याची गोष्ट, सोप्या भाषेत

महात्मा फुल्यांवरचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जोतिरावांच्या जयंतीला, येणार होता. आला २५ तारखेला. काही संघटनांनी आक्षेप घेतले होते आणि त्याच सुमारास सेन्सॉर बोर्डाने सांगितलेल्या बदलांची यादीही बातम्यांत झळकली. जातींची नावं काढा. 'तीन हजार वर्षांची गुलामी' नको, 'कित्येक वर्षांची गुलामी' म्हणा.

आता ज्यांच्यावर हा सिनेमा आहे त्यांनीच १८७३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'गुलामगिरी'. त्यात जातींची नावं आहेत आणि भाषा सिनेमाच्या संवादांहून कितीतरी जहाल आहे. हे पुस्तक फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आजही मिळतं. ते समग्र वाङ्मय छापतं कोण? महाराष्ट्र शासनाचंच साहित्य आणि संस्कृती मंडळ. एकच विचार एक सरकारी संस्था छापून विकते आणि दुसरी म्हणते, पडद्यावर जरा जपून.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा विचारलं, "पुस्तकाला चालतं ते सिनेमाला का चालत नाही? आणि नाटकाला तर म्हणे अजून सेन्सॉर आहे?" हो, आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं, पण गोष्ट समजायला अवघड नाही.

## घटना काय म्हणते

घटनेचं कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं आणि व्यक्त होण्याचं स्वातंत्र्य देतं. त्यातच लिहिणं, चित्र काढणं, नाटक करणं, गाणं सगळं येतं. पुढे १९(२) मध्ये म्हटलंय की या स्वातंत्र्यावर सरकार 'वाजवी' बंधनं घालू शकतं, पण फक्त ठरावीक आठ कारणांसाठी: देशाची एकात्मता, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी.

यादी एकदा पुन्हा वाचा. त्यात 'भावना दुखावणे' कुठेच नाही.

बंधन घालायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत आधी परवानगी घ्यायची, मग बोलायचं. दुसरीत आधी बोलायचं, आणि कायदा मोडला असेल तर नंतर जबाब द्यायचा. पहिल्या तऱ्हेला कायद्याच्या मराठीत 'पूर्वपरिनिरीक्षण' असा जिभेची परीक्षा पाहणारा शब्द आहे. आपण 'आधीची तपासणी' म्हणू या.

फरक समजायला गाडीचं उदाहरण घ्या. लायसन्स एकदा काढलं की तुम्ही कधीही, कुठेही गाडी नेता. सिग्नल तोडला तर पावती फाडावी लागते, कुणाला उडवलं तर खटला होतो. पण उद्या नियम निघाला की दर वेळी गाडी काढण्याआधी कुठल्या रस्त्याने जाणार, कुठे वळणार, हॉर्न कितीदा वाजवणार हे लिहून चौकीत द्यायचं आणि शिक्का मिळाला तरच किल्ली फिरवायची, तर? अपघात कदाचित कमी होतील. माणसं घराबाहेर पडणंही कमी होईल.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे १९५० मध्येच ओळखलं. दिल्लीतल्या एका साप्ताहिकाला मजकूर छापण्याआधी तपासून घ्यायचा हुकूम झाला होता, तो कोर्टाने रद्द केला. पुस्तकाला तर आधीची तपासणी नाहीच. नाटक आणि सिनेमा मात्र मागे राहिले.

## एक राजपुत्र, एक वकील आणि चिडलेलं सरकार

नाटक मागे राहिलं याचं मूळ कोलकात्यात आहे. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडचा युवराज तिथे मुक्कामाला होता. एका बड्या वकिलाने त्याला घरी बोलावलं आणि घरातल्या बायकांकडून त्याचं स्वागत करवलं. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! शहरभर चर्चा झाली आणि तिथल्या एका नाटक कंपनीने लगेच त्यावर प्रहसन रंगवलं. पोलिसांनी ते बंद पाडलं, कंपनीने नाव बदलून पुन्हा केलं. फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला आणि वर्षअखेर 'नाट्यप्रयोग अधिनियम, १८७६' आला. 'बदनामीकारक' किंवा 'सरकारविरुद्ध भावना भडकवणारं' वाटेल ते नाटक बंद करायचा अधिकार सरकारला मिळाला.

मराठी माणसाला यानंतरचा अंक पाठ असतो. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. साहेबाला कळायला जरा वेळ लागला. १९१० मध्ये बंदी आली.

१८७६ चा तो कायदा आपल्या कायद्याच्या पुस्तकातून अधिकृतपणे गेला २०१८ च्या सुरुवातीला, जुने निरुपयोगी कायदे एकगठ्ठा रद्द करणाऱ्या अधिनियमातून. ज्यांनी तो आणला त्या इंग्रजांनी स्वतःच्या देशातलं नाटकाचं सेन्सॉर १९६८ मध्येच मोडीत काढलं होतं. लंडनमध्ये ते १७३७ पासून कायद्याने चालू होतं.

## मग महाराष्ट्रात अजून सेन्सॉर कसं?

कारण आपलं सेन्सॉर त्या १८७६ च्या कायद्यावर उभं नाही. ते उभं आहे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमावर. आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३३ खाली नियम करायचा अधिकार आहे, आणि करमणुकीच्या प्रयोगांची आधी तपासणी करायची सोय त्याच कलमात आहे. कलम ३३ मध्ये आणखी काय आहे? रहदारीचं नियंत्रण, आणि रस्त्यात गाड्या-गुरं कुठे उभी करायची याचे नियम. आपली थोर नाट्यपरंपरा कायद्याच्या लेखी त्याच रांगेत बसते.

तपासणीचं काम 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ' करतं. नाटकवाले त्याला नुसतं 'सेन्सॉर' म्हणतात. संहिता पाठवायची, सदस्य ती वाचणार, हवं तर शब्द किंवा प्रसंग काढायला सांगणार, मग प्रमाणपत्र. व्यावसायिक नाटक असो नाहीतर राज्य नाट्य स्पर्धेतलं हौशी नाटक, ते प्रमाणपत्र जवळ लागतंच.

या मंडळाशी झालेली सगळ्यात गाजलेली लढाई 'सखाराम बाइंडर'ची. तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ मध्ये आलं. थोडे प्रयोग झाले आणि कापाकापीचा मोठा आग्रह सुरू झाला. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. पण सारंगांसारखे सगळेच नसतात. कोर्टात जायला पैसा लागतो, आणि मधल्या काळात हातातल्या तारखा जातात, नट दुसऱ्या नाटकात अडकतात, नेपथ्याला गोडाऊनमध्ये वाळवी लागते.

२०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या आधीच्या तपासणीलाच मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. त्यांचा प्रश्न साधा आहे: संहिता पुस्तक म्हणून छापायला कुणाची परवानगी लागत नाही, मग तीच वाक्यं नटाने तोंडाने म्हणायला का लागावी?

तमिळनाडूत असाच १९५४ चा एक नाट्यप्रयोग कायदा होता. मद्रास हायकोर्टाने २०१३ मध्ये त्यातली महत्त्वाची कलमं घटनाबाह्य ठरवली. तिथली रंगभूमी त्यामुळे बुडाल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

## पेन्सिलची खूण

या तपासणीचं सगळ्यात मोठं नुकसान मंडळाच्या टेबलावर होत नाही. ते फार आधी होतं.

एकांकिका स्पर्धांच्या दिवसांतली एक रात्र मला आठवते. शाळेचा वर्ग भाड्याने घेतलेला, बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर दुपारचं त्रैराशिक तसंच. दिग्दर्शकाच्या हातात संहितेची झेरॉक्स. तो एका वाक्याशी थांबला. वाक्यात एका पुढाऱ्याच्या टोपीवर विनोद होता. नाव नव्हतं, पक्ष नव्हता, फक्त टोपी. त्याने पेन्सिलने त्या ओळीभोवती गोल केला आणि लेखकाकडे बघितलं. लेखक म्हणाला, "जाईल रे, काय होतंय." तिसऱ्याने विचारलं, "आणि नाही गेलं तर? प्राथमिक फेरी बारा दिवसांवर आहे." पाच मिनिटांनी टोपी गेली. तिच्या जागी छत्री आली. छत्रीवर कुणी हसलं नाही.

संहिता कुणाकडे जायच्या आत ती ओळ आम्हीच मारली होती. असल्या ओळींची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. म्हणून 'मंडळ वर्षाला कितीशी नाटकं अडवतं?' असं कुणी विचारलं की मला तो प्रश्नच चुकलेला वाटतो. न लिहिलेली वाक्यं मोजणार कशी?

## तमाशाचं काय करायचं?

आधीची तपासणी गृहीत धरते की प्रयोग म्हणजे कागदावर लिहिलेलं नाटक. आपली अर्धी परंपरा तर कागदाबाहेरची आहे.

तमाशातली बतावणी घ्या. सोंगाड्या आणि सरदार समोरासमोर उभे राहतात. आजच्या गावातली, आजच्या दिवसाची गोष्ट काढून एकमेकांची फिरकी घेतात. परवा ग्रामपंचायतीत काय झालं ते आज बोर्डावर, म्हणजे मंचावर, येतं. वगाला कथेचा सांगाडा असतो, मांस त्या रात्रीचं. हे लिहून आधी कसं देणार? बरं, तमाशा आणि मेळे या नियमांतून सुटलेत असंही नाही, नियमांच्या नावातच त्यांचा उल्लेख आहे. मेळ्यांतून तर टिळकांच्या काळात सरकारवर टीका व्हायची, तेव्हा त्यांच्यावर नजर का होती हे सांगायला नको.

'विच्छा माझी पुरी करा'चे प्रयोग बघितलेली मंडळी सांगतात की दादा कोंडके दर प्रयोगात ताज्या घडामोडींवर नवं काहीतरी टाकत. नाटकवाले याला 'अ‍ॅडिशन' म्हणतात. नियमाचं बोट धरून बघायचं तर तपासलेल्या संहितेत नसलेलं ते प्रत्येक वाक्य विनापरवाना. आणि ज्यांना आपण मराठी रंगभूमीचे जनक म्हणतो त्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदं लिहिलेली असत, गद्य संवाद नट आयत्या वेळी बोलत. आजचा नियम लावला तर भाव्यांनासुद्धा प्रमाणपत्र मिळणं कठीण.

## सिनेमाची गोष्ट वेगळी कशी?

सिनेमासाठी केंद्राचा सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ आहे. ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं कायद्यातलं नाव आहे 'केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ'. प्रमाणन म्हणजे दाखला देणं. कात्री नावात नाही, हातात आहे.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी एका माहितीपटावरून या व्यवस्थेला आव्हान दिलं, तेव्हा १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमाची आधीची तपासणी वैध ठरवली. कारण काय, तर चित्रपट इतर कुठल्याही कलेपेक्षा मनावर खोल परिणाम करतो. मोठा पडदा, अंधार, आवाज. त्या काळी हे पटण्यासारखं असेलही. आज तीच गोष्ट वेबसिरीज म्हणून आली तर तिला बोर्डाकडे जावं लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवाले स्वतःच वयोगट ठरवतात. थिएटरच्या अंधारात चारशे लोकांत बसून बघायला बोर्डाचा शिक्का, आणि पांघरुणात मोबाइलवर एकट्याने बघायला शिक्का नको. 'खोल परिणाम' हेच कारण असेल तर उलट व्हायला हवं होतं.

श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१६ मध्ये सरकारला सांगितलं की बोर्डाने मुख्यतः वयानुसार दाखला द्यावा, कापाकापीच्या फंदात पडू नये. २०२३ च्या दुरुस्तीने ७, १३ आणि १६ वर्षांवरचे वयोगट आणले. हे चांगलं झालं. कात्री मात्र शाबूत राहिली.

आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर निर्माता एका अपील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकत होता. कमी खर्चात, त्यातल्या त्यात लवकर निकाल लागायचा. २०२१ मध्ये हे न्यायाधिकरण बरखास्त झालं. आता थेट हायकोर्ट. मोठ्या बॅनरला चालून जातं. कर्ज काढून पहिला सिनेमा करणाऱ्याला 'एवढे कट घ्या आणि मोकळे व्हा' हेच परवडतं.

## दाखला मिळाला तरी सुटका नाही

समजा तुम्ही पुस्तक लिहिलंत. आधी कुणी तपासणार नाही. पण नंतरची कलमं आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा कलमांचे आकडे बदलले, मजकूर बराचसा तोच राहिला. अश्लीलतेचं २९२ आता २९४ आहे. धार्मिक भावनांचं २९५-अ आता २९९. गटागटांत वैर वाढवण्याचं १५३-अ आता १९६.

यातली २९९ आणि १९६ ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस कोर्टाच्या वॉरंटशिवाय अटक करू शकतात. तक्रार कुणीही करू शकतो, देशातल्या कुठल्याही ठाण्यात.

शिक्षा किती लोकांना झाली हे बघू नका, खटला किती वर्षं चालला ते बघा. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टाने दोषी धरलं, आणि सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये निर्दोष ठरवलं. एका दिवाळी अंकासाठी सात वर्षं.

वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली. ती छापली म्हणून झालेलं प्रकरण २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात पोचलं. एकवीस वर्षं! तेव्हाही संपादकावरचा अश्लीलतेचा आरोप कोर्टाने रद्द केला नाही. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी तसली भाषा घातली तर कसोटी आणखी कडक लावावी, असं म्हटलं. माझ्या मते हे गाडी उलट दिशेला नेणं आहे. आदरणीय व्यक्तीशी वाद घालता येणार नसेल तर कवीने वाद घालायचा कुणाशी?

मकबूल फिदा हुसेन यांच्यावर वेगवेगळ्या राज्यांत खटले होते. सुप्रीम कोर्टाने ते दिल्लीत एकत्र आणले आणि दिल्ली हायकोर्टाने २००८ मध्ये ते रद्द केले. हुसेन खटले जिंकले, पण घरी आले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्येच वारले.

## "म्हणजे काय, काहीही चालू द्यायचं?"

हा प्रश्न पहिला येतो, आणि येणं रास्त आहे.

आधीची तपासणी काढली म्हणजे कायदा गेला असं होत नाही. बदनामी केली तर खटला आहे. हिंसेला चिथावणी दिली तर गुन्हा आहे. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवलं तर वेगळा, कडक कायदा आहे आणि तो हवाच. वर्तमानपत्रं रोज आधी न विचारता छापतात, आणि त्यांच्यावर रोज खटलेही होतात. नाटकालाही तसंच वागवा, एवढंच म्हणणं आहे.

मुलांचं काय, असं पालक विचारतात. त्यासाठी वयाची पाटी पुरते. निर्मात्याने जाहिरातीत आणि तिकीटखिडकीवर स्पष्ट लिहावं की हे १६ वर्षांवरच्यांसाठी आहे, यात शिव्या आहेत. खोटं लिहिलं तर दंड करा.

उलट बाजूची परीक्षाही द्यायला हवी. नथुराम गोडसेवरचं मराठी नाटक १९९८ मध्ये बंद पाडलं गेलं, पुस्तकरूपातली संहिता जप्त करायचा आदेश निघाला. मुंबई हायकोर्टाने तो आदेश २००१ मध्ये रद्द केला. त्या नाटकाचा विचार मला मुळीच पटत नाही, चीड आणणारा वाटतो. तरी तो निकाल बरोबर होता. जो नियम मला आवडणाऱ्या नाटकाला वाचवतो, तोच मला न आवडणाऱ्यालाही वाचवणार. तिथे मन खात असेल तर कायद्यात सुधारणा हवी असं आपण म्हणतोय ते फक्त आपल्या बाजूपुरतं.

## "पण भावना खरंच दुखावतात"

दुखावतात. मला त्याची टिंगल करायची नाही. आपल्या दैवतावर कुणी घाणेरडं बोललं तर माणूस आतून हलतो.

प्रश्न असा की मोजायचं कुणाच्या काट्याने? सगळ्यात लवकर चिडणाऱ्या माणसाच्या काट्याने मोजलं तर काहीच शिल्लक राहत नाही. याचं उत्तर नागपुरातून आलंय. स्वातंत्र्याच्या तोंडावर तिथल्या हायकोर्टात न्या. विवियन बोस यांनी एका प्रकरणात लिहिलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने बघायचा, दुबळ्या आणि दोलायमान मनाच्या मापाने नाही. फाळणीवरच्या 'तमस' मालिकेच्या वेळी, १९८८ मध्ये, सुप्रीम कोर्टाने तेच माप वापरलं. आणि २८ मार्च २०२५ ला पुन्हा, खासदार आणि कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द करताना.

खुद्द कलम २९९ वाचलं तर त्यात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे. नुसतं कुणाला वाईट वाटलं एवढ्याने तो गुन्हा होत नाही. कोर्टाला हे ठाऊक आहे. तक्रार घेऊन आलेल्या जमावासमोर बसलेल्या फौजदाराला मात्र ते आठवायला सवड नसते.

## "आणि दंगल झाली तर?"

बहुतेक वेळा नाटक बंद पडतं ते कोर्टाच्या हुकमाने नाही. पन्नास जण नाट्यगृहाच्या दारात येतात, पोस्टरला काळं फासतात, आणि पोलीस निर्मात्याला बाजूला घेऊन म्हणतात, "साहेब, आजचा प्रयोग नका करू, बंदोबस्त पुरणार नाही." लेखी काही नसतं. कोर्टात न्यायलाही काही हाती लागत नाही.

यावर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये, एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, फार स्पष्ट सांगितलंय. निदर्शनांची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, तसं केलं तर ते गुंडगिरीपुढे शरण जाणं होईल. धोका खरा असला पाहिजे, दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी इतका थेट. आणि सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे. चोर येईल म्हणून सोनाराला दुकान बंद ठेवायला कुणी सांगत नाही, दुकानाबाहेर शिपाई उभा करतात.

## बदलायचं कुणी?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी आहे. चित्रपट प्रदर्शनाला मंजुरी देणं केंद्राकडे. नाटक आणि नाट्यगृहं राज्याकडे. फौजदारी कायदा दोघांकडे. म्हणजे नाटकासाठी दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. पोलीस अधिनियमातल्या कलम ३३ मधून प्रयोगांच्या आधीच्या तपासणीचा मजकूर वगळणं विधानसभा आणि विधान परिषदेच्या हातात आहे. थिएटरमधली आगीची व्यवस्था, बाहेर पडायचे दरवाजे, वेळेचे नियम हे सगळं तसंच राहू द्या. नाट्यगृह तपासा की, संहिता कशाला?

सिनेमासाठी संसदेला दोन गोष्टी करता येतील. बोर्डाचं काम वयाचा दाखला देण्यापुरतं ठेवणं, आणि ते अपील न्यायाधिकरण परत आणणं. दुसरी गोष्ट तर कुणाच्या तत्त्वाआड येत नाही, त्यामुळे ती न होण्याचं कारण मला अजून उमगलेलं नाही.

फौजदारी बाजूला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा बदल अगदी छोटा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये एक सोय आहे: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. प्रतापगढींच्या निकालात कोर्टाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या तक्रारींत ही चौकशी सहसा करावीच. कायद्यात मात्र शब्द आहे 'करू शकतात'. कविता, नाटक, चित्र, सिनेमा यांच्यापुरतं तिथे 'केलीच पाहिजे' करा. सोबत एवढं जोडा की तक्रार कुठेही झाली तरी चौकशी कलावंत राहतो त्या गावात होईल. हुसेनांचे खटले एकत्र करायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तशी वेळ एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कवीवर आली तर तो एसटीच्या भाड्यातच संपेल.

१८५५ मध्ये जोतिराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. मराठीत नाटककाराने कमिटीच्या टेबलावर संहिता ठेवण्याचा इतिहास इतका जुना आहे. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, गावोगाव नटराजाची पूजा होते आणि मंचावर एखादा आमदार नाहीतर मंत्री हार घालायला असतोच. भाषण संपलं की त्यांना कलम ३३ बद्दल विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या अधिवेशनाची तारीख विचारा.